हजार शब्दांची शिक्षा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज लॅबमध्ये एका बाईच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन अकराच्या जागी एकशे अकरा टाइप केलं. बाई काउंटरवर परत आली आणि म्हणाली, "एवढं रक्त असतं तर मी तपासायला आले असते का?" डॉक्टरीणबाईंनी आतून नुसतं पाहिलं. चूक माझीच. पण माझं लक्ष समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत होतं. तिथे साखऱ्या बसला होता.

एकोणीस वर्षांपूर्वी मी एका मासिकात मुद्रितं तपासायचे आणि तो सहसंपादक होता. बोलणं इतकं गोड, की सगळं ऑफिस त्याला तोंडावर साखऱ्या म्हणायचं आणि त्याला ते कौतुक वाटायचं. एकदा दुपारच्या चहाला मी त्याला एक गोष्ट सांगितली. एक शहर आहे, तिथे माणसांना आवाज नळाने येतो. सकाळी एक तास. तेवढ्यात बोलायचं ते बोलून घ्यायचं, उरलेला आवाज भांड्यांत, बाटल्यांत भरून ठेवायचा आणि भांडणाला पुरवून वापरायचा. "लिही, लगेच लिही," तो म्हणाला. मी आठ पानं लिहून त्याच्या हातात दिली. "वाचून सांगतो," म्हणाला. पुढे मासिक बंद पडलं, आम्ही पांगलो, आणि तीन वर्षांनी त्याची कादंबरी आली, 'नळाला आवाज'. तिला पुरस्कार मिळाले. आता तिच्यावर मालिका येतेय.

मुलाखत घेणारीने विचारलं, कल्पना सुचली कशी? साखऱ्या तेच जुनं हसला. "एकदा नळाखाली बादली लावून बसलो होतो. नळ नुसता फुरफुरत होता. वाटलं, हा काहीतरी बोलतोय."

बादली! त्या माणसाने जन्मात बादली भरलेली नाही. ऑफिसात पाण्याचा ग्लाससुद्धा त्याला शिपाई हातात आणून द्यायचा.

इतकी वर्षं मी गप्प बसले. आता त्याला सोडणार नाही. कसं, ते अजून ठरलेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

धाकटीचा फोन. धाकटी माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, दुसऱ्या गावात असते, कृत्रिम डोळे बनवते. मी तासभर साखऱ्याच्या नावाने शंख केला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ताई, हल्ली लोक नेटवर दर महिन्याला पैसे देऊन गोष्टी वाचतात. तू लिहायला का लागत नाहीस? छोट्या छोट्या, हजार शब्दांच्या. नसलेल्या जगातल्या." मी म्हटलं, बघू.

दुपारी जेवताना मला एकदम सुचलं. आपणच नेटवर एक पान सुरू करावं. दर शनिवारी एक गोष्ट, बरोबर हजार शब्दांची, अजून न आलेल्या जगातली. आणि प्रत्येक जगात साखऱ्याला एक शिक्षा.

कल्पनेवर मी स्वतःच इतकी खूष झाले की बाबांच्या ताटात दोनदा मीठ वाढलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली गोष्ट टाकली. त्या जगात माणूस बोलला की ते वाक्य मुळात ज्याचं, त्याचं नाव बोलणाऱ्याच्या कपाळावर उजळतं. एक थोर लेखक सत्काराला उभा राहतो आणि कपाळावर एका मुद्रितशोधक बाईचं नाव चमकायला लागतं. तो टोपी घालतो. मग टोप्यांवर बंदी येते.

पैसे भरून वाचणारे अकरा जण. त्यात धाकटी एक, डॉक्टरीणबाई एक. बाकीचे नऊ कोण, कुठले, देव जाणे. एकाने स्वतःचं नाव 'चिमटा' ठेवलंय. त्याने लिहिलं, "हा लेखक खरा आहे ना? कळतं हो. राग ताजा आहे."

राग ताजा आहे! मी ते वाक्य चार वेळा वाचलं. इतकं कौतुक मला लग्न मोडलं तेव्हासुद्धा कुणी केलं नव्हतं.

२ मार्च, रविवार

कालची गोष्ट सर्वांत गाजली. एक बसचालक कृत्रिम डोळा बसवायला येतो. नवा डोळा इतका टवटवीत की त्याची बायको म्हणते, "एक डोळा कामावर आणि एक सुट्टीवर." म्हणून कारागीर बाई डोळ्याच्या पांढऱ्यात लाल रेशमी धाग्याचे तंतू घालून त्याला थोडा थकवते. तिथून तो डोळा स्वतःचं स्वतः थकायला लागतो, आणि जे पाहिलं ते विसरेनासा होतो. शेवटी तो डोळा साखऱ्याच्या खोबणीत जातो आणि त्याला रात्रंदिवस एकच दृश्य दाखवतो: आठ पानं घेऊन ऑफिसचा जिना उतरणारा तो स्वतः.

ऐंशी वाचक झाले. बसचालकाचा किस्सा धाकटीने मागच्या आठवड्यात फोनवर सांगितला होता, बायकोच्या वाक्यासकट. पण गोष्ट म्हणजे काय नुसता किस्सा असतो?

बाबांनी भिंग लावून वाचली. बाबा एकोणऐंशी वर्षांचे, त्यांनी नोकरीभर विजेचे मीटर वाचले. ते आकडा घेतात तसं वाचतात, एक ओळ सुटत नाही. म्हणाले, "हे तर धाकटीच्या कामातलं आहे."

"हो, तिनेच सांगितलं."

"मग तिचं नाव कुठे दिसत नाही ते?"

"बाबा, कुणी काही सांगणं वेगळं आणि त्याची गोष्ट करणं वेगळं."

बाबांनी भिंग पुसलं आणि डबीत ठेवलं. त्यांना लेखनातलं काय कळणार.

२३ मार्च, रविवार

तीनशे वाचक. चिमट्याने सुचवलं की साखऱ्याची पुढची शिक्षा वाचकांनी मतदानाने ठरवावी. (मी त्याचं नाव अजून कुठे लिहिलेलं नाही, गोष्टीत तो नुसता 'थोर लेखक' असतो.) मी तीन पर्याय दिले. एक, त्याची सगळी पुस्तकं कोरी होतात. दोन, त्याला फक्त दुसऱ्यांची पत्रं वाचून दाखवता येतात, स्वतःचं काही बोलता येत नाही. तीन, तो सगळ्यांना दिसतो पण कुणाला आठवत नाही.

तिसरा पर्याय प्रचंड मतांनी जिंकला. लोकांना कळतं कुठे मारलं की लागतं.

आठवडाभर काउंटरवर बसून मनात तीच गोष्ट रचत होते. साखर किती, चरबी किती टाइप करता करता हसत होते. एका आजोबांनी विचारलं, "पोरी, रिपोर्ट चांगला आलाय का माझा?" मी हो म्हटलं. पाहिलासुद्धा नव्हता.

धाकटीचे दोन फोन घ्यायचे राहिले. तिने निरोप ठेवलाय: "आज एका मुलीने विचारलं, ह्या डोळ्याला स्वप्न पडेल का. तुला सांगावंसं वाटलं." वहीत टिपून ठेवलं. पुढच्या शनिवारची सोय झाली.

३ एप्रिल, गुरुवार

काल मी सगळं उघड केलं. त्याचं नाव, कादंबरीचं नाव, मासिक, चहा, आठ पानं. शेवटी लिहिलं, "ती गोष्ट माझी आहे. ती माझ्या डोक्यातून आली आणि ह्या माणसाने ती उचलली." वाचकांनी ते जिथे तिथे पोचवलं. आज साखऱ्याच्या एका जाहीर कार्यक्रमात पाच जण उठून उभे राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बादली कुणाची होती?"

मला तो क्षण बघायला मिळाला नाही. कुणीतरी चित्रफीत पाठवली. साखऱ्याने पाण्याचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. बारा वेळा पाहिली. तेरावी आता हे लिहून झाल्यावर.

५ एप्रिल, शनिवार

साखऱ्याचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या जिन्यात उभी राहून घेतला. आवाज म्हातारा झालाय, गोडवा तेवढाच आहे.

"कशी आहेस?"

"मुद्द्यावर ये."

"येतो. तू मला ते सांगितलं होतंस, खरं आहे. पानंही दिली होतीस. मी तुझं नाव घ्यायला हवं होतं. भीती वाटली. पहिल्या पुरस्काराच्या वेळी नाही घेतलं, मग पुढे घेता येईना."

"वा! म्हणजे कबूल."

"कबूल. पण तू जे लिहिलंयस ना, की तुझ्या डोक्यातून आली... तू मला वेगळं सांगितलं होतंस. म्हणाली होतीस, माझी धाकटी बहीण लहानपणी असं म्हणायची. मी म्हटलं होतं, तिचा फोन नंबर दे, तिच्याशी बोलू. तू म्हणालीस, कशाला, कुणी काही म्हणणं वेगळं आणि त्याची गोष्ट करणं वेगळं."

मी फोन ठेवला. किती नीच असावं माणसाने! स्वतः बुडतोय तर माझ्या बहिणीला मध्ये ओढतो! वर माझ्या तोंडी स्वतःची वाक्यं घालतो!

आता त्याला असा धडा शिकवते की पुन्हा तोंड उघडणार नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मालिकावाल्यांनी पुरावा मागितलाय. आठ पानं त्याच्याकडेच, त्याने ती कधीच फाडली असणार. मला सुचलं, धाकटीचं पत्र हवं. लहानपणी मी तिला ही गोष्ट सांगायचे, एवढं तिने लिहून दिलं की साखऱ्याची ती फोनवरची थापसुद्धा तिथेच मरते.

धाकटीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे तिचं डोळे घासायचं यंत्र घुरघुरत होतं. मग तिने यंत्र बंद केलं.

"ताई, तू मला सांगायचीस?"

"मग कोण सांगायचं?"

पलीकडे टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

"अगं, बोल की. ऐकू येतंय का?"

"येतंय. काय लिहायचं ते लिहून पाठव. सही करते."

तासाभरात सही करून पाठवलं. सहीखाली तारीख नव्हती, ती मी घातली. गुणी आहे धाकटी. कधी कशाला नाही म्हणत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

जिंकले!

मालिकेच्या सुरुवातीला 'मूळ कथाकल्पना' म्हणून माझं नाव येणार. साखऱ्याने जाहीर माफी मागितली, मालिकेतून बाहेर पडला, एक पुरस्कारही परत करतोय. त्याच्या बायकोने मला दोनच शब्द पाठवले: "झालं समाधान?" मी लिहिलं, "हो." खरंच झालंय. डॉक्टरीणबाईंनी काउंटरवर पेढे ठेवले आणि ज्यांची उपाशीपोटी तपासणी होती त्यांनाही दिले, मग सगळ्यांना उद्या बोलवावं लागलं.

चिमटा म्हणतो, "आता पुढचा कोण?" मला हसू आलं. मग थोडी भीतीही वाटली.

फक्त एक खोट. आज एक वाचक कमी झाला. सोडून जाणाऱ्याला तिथे कारण विचारतात. त्याने लिहिलंय: "सगळ्या गोष्टी आधी ऐकलेल्या आहेत." साखऱ्याचाच कुणीतरी माणूस. त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून दिवसभर मनातल्या मनात देत होते.

२६ एप्रिल, शनिवार

आज गोष्ट टाकली नाही.

सकाळी बाबांना त्या वाचकाचं सांगितलं. "आधी ऐकलेल्या म्हणे! ह्या गोष्टी मी जन्माला घातल्या, ह्याने कुठून ऐकल्या?"

बाबा चष्म्यावरून बघत राहिले. "धाकटी असेल."

"काहीतरीच काय?"

"आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. पाच महिने बोलली नाही. आठवतं?"

"आठवतं. मीच तर तिला सांभाळत होते."

"मग बोलायला कधी लागली?"

पंधरा वर्षांची होते मी. स्वयंपाक, शाळा, तिची वेणी, हे सगळं आठवतं. ती बोलायला कधी लागली, हे नाही.

बाबा म्हणाले, "सकाळी पाणी आलं. ती मोरीत उभी होती. मला म्हणाली, बाबा, माझा आवाज बंद होता, आज नळाला आला. मग मी तुला हाक मारली. तू धावत आलीस आणि तिला उचलून घेतलंस. पुढे कितीतरी दिवस रोज ती तुला सांगायची, ताई, आज बाटलीत भरून ठेवलाय, आज सांडला. तू खदखदून हसायचीस. त्या घरात तेवढंच हसू होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मी जगभर सांगत सुटले, तेव्हा तरी?"

"दोघी माझ्याच. कुणाच्या बाजूने बोलू?"

मी त्यांच्यावर खूप ओरडले. इतकी, की शेजारीण दारात येऊन विचारून गेली. मला अजूनही ते मोरीतलं आठवत नाही. पण उचलून घेतलं तेव्हा तिचा फ्रॉक ओला होता आणि माझी ओढणी भिजली, हे आठवलं. हे बाबांनी सांगितलं नव्हतं.

४ मे, रविवार

धाकटीकडे जाऊन आले. ती कामाच्या टेबलाशी होती, तीन केसांच्या कुंचल्याने एक तपकिरी बुबुळ रंगवत होती. मी सांगायला लागले तर म्हणाली, "थांब, हा रंग वाळतो." मी थांबले. वीस मिनिटं. मला वाटतं, तिचं काम मी इतका वेळ पहिल्यांदाच पाहिलं.

मग ती वळली. "बोल."

"तू सही का केलीस?"

"तू मागितलीस."

"खोटं आहे हे ठाऊक असताना?"

"ताई, मासिकात असताना तू मला त्या आठ पानांबद्दल फोन केला होतास. मला इतकं बरं वाटलं होतं. वाटलं, कुणीतरी आपलं ऐकून ठेवलं होतं. नाव वगैरे मला नकोच होतं. मला वाटायचं, तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, बास. त्या दिवशी फोनवर कळलं की तुला माहीतच नाही."

मी रडले. ती रडली नाही. तिने मला तो बसचालकाचा रेशमी धागा दाखवला, कसा चार पदरी उकलायचा ते. मग म्हणाली, "आणि त्या मुलीच्या स्वप्नाची गोष्ट तू टाकलीस ना, त्यात तिला तू मारून टाकलंस. ती जिवंत आहे. पुढच्या महिन्यात येणारे. तिने वाचलं तर?"



साखऱ्याला मात्र मी माफ केलेलं नाही. त्याला ठाऊक होतं गोष्ट कुणाची, आणि तरी त्याने घेतली. म्हणजे त्याने धाकटीचं चोरलं. माझ्यापेक्षा तो वाईटच. परतीच्या गाडीत हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी शेवटी माझंच मला पटेना.

१० मे, शनिवार

सगळं खरं लिहून टाकलं. पत्र खोटं होतं, तारीख मी घातली, गोष्ट माझ्या बहिणीची, डोळ्याच्या गोष्टीही तिच्याच. मालिकावाल्यांनाही कळवलं, माझं नाव काढा म्हटलं. साखऱ्याला वेगळं एका ओळीचं लिहिलं: "तुला बरोबर आठवत होतं." उत्तर आलं नाही. माझी अपेक्षाही नव्हती.

दुपारपर्यंत निम्मे वाचक गेले. चिमटा राहिलाय. त्याने लिहिलं, "आता हिचं काय करायचं? मतदान घ्या." खाली लोकांनी पर्यायही सुचवले. एकाने लिहिलं, हिला सगळं आठवत राहावं. दुसऱ्याने, हिच्या कपाळावर नाव उजळावं. मीच शिकवलेलं सगळं. शिक्षा चांगल्या रचतात, शुद्धलेखन मात्र भयंकर. 'कपाळावर' सोडून एक शब्द धड नाही.

संध्याकाळी सगळं वाचून काढलं, एकही पुसलं नाही. बाबा म्हणाले, "जेवून घे."

१७ मे, शनिवार

धाकटीला विचारलं, पान बंद करू का? ती म्हणाली, "नको. मी सांगते, तू लिही."

"म्हणजे तुझ्या नावाने?"

"आधी लिही तर. आणि माझं म्हणणं आहे तसं लिही. सजवू नकोस. कुणाला मारू नकोस."

रिपोर्ट टाइप करते तशी बसले, कानात फोन, बोटं तयार. तिने सुरुवात केली. एक बाई आहे, ती गेलेल्या माणसांचे डोळे रंगवते, आणि एक दिवस तिला आपल्या आईच्या डोळ्यांचा रंग आठवत नाही. मध्येच थांबली. पूर्वी अशा वेळी मी म्हणायचे, "पुढे असं होत असेल बघ," आणि पुढचं मीच सांगायचे. आज नाही म्हटलं. जीभ दाताखाली धरली. तिकडे तिचा श्वास ऐकू येत होता. किती मिनिटं गेली, सांगता येत नाही. मग ती पुन्हा बोलायला लागली, आणि ते मला कधीच सुचलं नसतं.

सातशे बारा शब्द भरले. हजार करायचा मोह झाला. केले नाहीत. तिचं नाव वर घातलं, माझं कुठे नाही. फक्त एका ठिकाणी तिने 'पिवळट' म्हटलं होतं, तिथे मी 'मधाळ' केलं. पाठवायच्या आधी पुन्हा 'पिवळट' केलं.